एका घरात चार रक्तगट: सोसायटीच्या ग्रुपवर

परांजपे (सेक्रेटरी): रविवारच्या रक्तदान शिबिराची यादी वर टाकली आहे. आपापला रक्तगट तपासून घ्या. पार्किंगचा विषय कृपया इथे काढू नये.

गोखले काका, बी-२०३: ४०२ मध्ये घोळ दिसतोय. वडील ए, आई बी, थोरला एबी, धाकटा ओ. टायपिंगची चूक?

शिंदे, ए-४०२: नाही हो काका. चौघांचे रिपोर्ट आहेत घरात.

गोखले काका: मग ओ आला कुठून? 😄

सुलभाताई, सी-३०४: काका, आधी ते हसू आवरा. ब्लडबँकेत नोकरी केली मी, या एका प्रश्नावरून घरं ढवळून निघालेली पाहिली आहेत.
या जनुकाची मुख्य रूपं तीन: ए, बी, ओ. प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेलं. शिंदेंचा रिपोर्ट ए म्हणतो, पण आतली जोडी ए-ओ. वहिनींची बी-ओ. थोरल्याला ए आणि बी मिळालं, धाकट्याला दोघांकडून ओ. याच घरात तिसरं मूल नुसतं ए किंवा नुसतं बीसुद्धा होऊ शकतं.

शिंदे: ताई, दोन पुरे 🙏

तन्वी, ए-१०२: हेच कोडॉमिनन्स ना? बारावीला आहे आम्हाला. पण इनकम्प्लीट डॉमिनन्सशी नेहमी गोंधळ होतो. दोन्हीत कोणीच पूर्ण डॉमिनंट, म्हणजे दुसऱ्याला झाकणारं, नसतं असं लिहिलं तर चालेल?

सुलभाताई: नाही चालणार. कोडॉमिनन्समध्ये दोघंही पूर्ण दिसतात, तोच तर मुद्दा आहे.
गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या झाडांचा संकर केला की फूल गुलाबी येतं. लाल रंगाचं जनुक एकच असल्यामुळे रंग फिका पडतो. त्या पाकळीत लाल वेगळा, पांढरा वेगळा असा सापडत नाही. ते इनकम्प्लीट.
एबीचं तसं नाही. तांबड्या पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. ए जनुकाचं एन्झाइम त्यांच्या टोकाला एक साखर जोडतं, बीचं दुसरी. ओचं एन्झाइम काहीच जोडत नाही. म्हणून ओसमोर ए आणि बी दोघंही डॉमिनंट, आणि एकमेकांसमोर कोणीच दबत नाही.

गोखले काका: म्हणजे अर्धा ए, अर्धा बी. मिश्रणच की!

सुलभाताई: काका, रविवारी या, स्लाइडवर दाखवते. तपासणीचं अँटी-ए द्रावण निळं असतं, अँटी-बी पिवळं. एबी रक्त निळ्या थेंबातही गुठळ्या धरतं आणि पिवळ्यातही. एकाच पेशीवर ए पण असतो, बी पण असतो. दोघांचा मिळून तिसरा पदार्थ तयार होत नाही.

मेश्राम, सी-१०१: ताई, एक विचारू? गडचिरोलीला भाच्याची सिकलसेल तपासणी झाली. रिपोर्टवर एएस लिहिलंय. हा ए रक्तगटाचाच का?

सुलभाताई: नाही. हा हिमोग्लोबिनचा ए, जनुकच वेगळं. तुमच्या भाच्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन ए आणि सिकलचं एस, दोन्ही तयार होतात. इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या मदतीने हिमोग्लोबिन वेगळं करणाऱ्या तपासणीत, दोन वेगळे पट्टे दिसतात. तो वाहक आहे, रुग्ण नाही. पण लग्न ठरवताना मुलीची तपासणी जरूर करा. दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के.

तन्वी: पण आमच्या सरांनी सिकलसेल रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही जनुकं तशी असली तरच दिसणारा, सांगितलाय!

सुलभाताई: सरांचंही बरोबर. आजार बघितलास तर रिसेसिव्ह, कारण एएस माणूस सहसा ठणठणीत असतो. हिमोग्लोबिन बघितलंस तर कोडॉमिनंट. जनुकं आत कुस्ती खेळत नसतात गं. तू कुठे बघतेस, त्यावर उत्तर ठरतं. परीक्षेत प्रश्नात काय विचारलंय ते दोनदा वाच.

परांजपे: ताई, ओ-ओ आईबापांना ए मूल झालं तर मात्र संशयच ना?

सुलभाताई: तिथेही थांबा. १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे गट नोंदवला. ए-बीची साखर पेशीवरच्या ज्या एच नावाच्या पदार्थावर बसते, तो एचच या लोकांत नसतो. ए जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतात, आणि पुढे मुलात तो ए उमटू शकतो. त्यांना साध्या ओचं रक्तही चालत नाही, बॉम्बेवाल्याचंच लागतं. सोसायटीची यादी बघून कोणाचं नातं ठरवायचं नाही.

गोखले काका: मान्य. आता माझं सांगा. मी एबी, ही ओ. दोन्ही मुली अमेरिकेत, त्यांचे गट माहीत नाहीत.

तन्वी: ताई थांबा, मी सांगते! काका एक ए नाहीतर बी देणार, काकू ओच देणार. म्हणजे प्रत्येक मुलगी एकतर ए, नाहीतर बी. एबी नाही आणि ओ पण नाही.

गोखले काका: म्हणजे माझा गट एकीलाही नाही आणि हिचाही नाही??

सुलभाताई: बरोब्बर तन्वी. काका, आता लावा एक 😄