मदत हवी आहे : गावच्या घरी लाईट गेल्यावर बाबांचं ऑक्सिजन मशीन चालू कसं ठेवायचं?

कोकणात_घर_पुण्यात_पोट :

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. आईबाबा दोघंच असतात तिकडे, मी पुण्यात. बाबा 74 वर्षांचे, फुफ्फुसांचा जुना त्रास (सीओपीडी). दिवाळीनंतर एकदा ॲडमिट करावं लागलं तेव्हापासून डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशीन) लावायला सांगितलाय, मिनिटाला 2 लिटरवर, रात्रभर आणि दुपारी जेवणानंतर. 5 लिटरवालं मशीन घेतलंय. पुण्याला चला म्हटलं तर "तिथे श्वास घेतात होय माणसं" असं ऐकवतात, त्यामुळे तो विषय बंद.

आता मुद्दा. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट गेली तर तासभर, पण जूनपासून पुढे वारा सुटला की कुठेतरी फांदी पडते, झंपर (खांबावरच्या तारा जोडणारा तुकडा) तुटतो, आणि मग चार-पाच तास धरूनच चालायचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर आमच्या वाडीत लाईट यायला तेवीस दिवस लागले, खांबच्या खांब आडवे झाले होते. तेव्हा बाबा ठणठणीत होते, कंदिलात दिवस काढले. आता ते जमायचं नाही. परवा रात्री दोनला लाईट गेली तर आई त्यांना उशांना टेकवून बसवून पहाटेपर्यंत पाठीवरून हात फिरवत बसली आणि मला सांगितलं सकाळी आठला, म्हणे तुझी झोप कशाला मोडायची.

घरात एक जुना इन्व्हर्टर आहे, 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) एक बॅटरी, त्यावर तीन पंखे नि चार दिवे. मधल्या खोलीत देवघराखालच्या कपाटात ठेवलाय. त्यावर मशीन लावून बघितलं तर घर्र घर्र असा भलताच आवाज यायला लागला, घाबरून पाच मिनिटांत बंद केलं.

गावातला वायरमन म्हणतो हे सगळं सोडा, पेट्रोलवरचा 2 केव्हीएचा जनरेटर घ्या, पडवीत ठेवा म्हणजे भिजणार नाही, आणि मी एक वायर करून देतो, दोन्ही टोकांना पिन, एक टोक जनरेटरमध्ये नि एक पडवीतल्या सॉकेटमध्ये, अख्खं घर चालू, फक्त मेन स्विच पाडायला विसरू नका. पलीकडच्या आळीत दोन घरांत असंच करून दिलंय म्हणे. मला खटकतंय पण नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाहीये, मी कॉमर्सवाला.

बजेट 60 हजार, ताणून 70. पावसाच्या आत करायचंय. काय घेऊ, कुठे ठेवू?

जुना_वायरमन :

ती दोन पिनांची वायर घरात येऊ देऊ नका. लाईनवर 31 वर्षं काढलीत म्हणून सांगतोय.

जनरेटर चालू असताना सॉकेटमधलं टोक कोणाच्या पायात येऊन निघालं की त्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट जिवंत, हे झालं घरातलं. बाहेरचं ऐका. मेन पाडायला विसरलात तर तुमच्या जनरेटरची लाईट मीटरमधून उलटी खांबावर जाते, तिथून डीपीत (गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये), आणि डीपी तर काय, सरळ दिशेला 11 हजारचे कमी करते तशी उलट्या दिशेला 230 चे 11 हजार करते. तिकडे कोणीतरी पावसात फांदी काढायला चढलेला असतो, लाईन मेलेली आहे असं समजून. आमचा एक जोडीदार असाच गेला. त्या घरातल्या लोकांना दुसऱ्या दिवशीपर्यंत पत्ता नव्हता की आपल्यामुळे झालं.

आणि मेन पाडायचं लक्षात ठेवणार कोण? रात्री दोन वाजता, अंधारात, नवरा धापा टाकतोय आणि तुमच्या आईने ते लक्षात ठेवायचं? म्हणून चेंजओव्हर स्विच लावतात. मीटरनंतर डबल पोलचा चेंजओव्हर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, खटका वर केला की महावितरण, खाली केला की जनरेटर, दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. लक्षात ठेवायचा प्रश्नच मिटला. नाहीतर त्याहून सोपं, जनरेटरवरून जाड एक्स्टेंशन काढा आणि मशीन थेट त्याला लावा, घराच्या वायरिंगला हातच लावू नका.

सिस्टर_रात्रपाळी :

वरच्या काकांना पूर्ण अनुमोदन. मी पडवीबद्दल लिहिते. पडवी तीन बाजूंनी उघडी असली तरी जनरेटर तिथे नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो रंगही नसतो, नुसतं डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो तो उठत नाही. ज्यांची फुफ्फुसं आधीच कमकुवत त्यांना तर थोडाही पुरतो. दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब, मागच्या अंगणात चार खांबांवर नुसता पत्रा टाका, भिंती नकोत, आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट्या बाजूला. गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, बंद करून निवू द्यायचा.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही. लाईट गेली की आपल्याकडे पहिलं काय होतं, मेणबत्ती नाहीतर कंदील. ऑक्सिजनची नळी नाकात असलेल्या माणसाच्या खोलीत ज्योत नको म्हणजे नको, समई नको, उदबत्ती नको, बिडी तर नकोच. पांघरुणात, कपड्यांत ऑक्सिजन साठून राहतो आणि मग एक ठिणगी पुरते. चार्जिंगचे एलईडी दिवे आणून ठेवा, एक उशाशी, एक मोरीच्या वाटेवर.

तिसरं, विजेवर सगळी भिस्त ठेवू नका. बी टाईपचा भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि फ्लोमीटरसकट, घरात हवाच. त्यात साधारण 1500 लिटर असतो, 2 लिटरवर 12 तास जातात. दोन ठेवा म्हणजे एक भरायला गेला तरी एक घरात. पडू नयेत म्हणून भिंतीला साखळीने बांधून ठेवा आणि आईला तो उघडायला तुम्ही समोर बसून शिकवा, फोनवर नाही. किती लिटरवर ठेवायचं ते मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच, दम लागला म्हणून आपल्या मनाने वाढवायचं नाही, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही त्रास देतो.

सूर्यफूल :

एवढा खटाटोप कशाला, पीएम सूर्यघरमधून छतावर सोलर बसवून टाका की. 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, बिल शून्य आणि लाईट जायची कटकट पण नाही.

फिजिक्सच्या_बाई :

@सूर्यफूल, बिलाचं खरं, लाईटचं खरं नाही. साधा ऑनग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेला) सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. आणि तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो, कारण वर जुन्या वायरमनदादांनी सांगितलं तेच, खांबावरच्या माणसाला शॉक लागू नये. लाईट नसताना चालायला हवा तर बॅटरीवाला हायब्रिड घ्यावा लागतो आणि तो या बजेटमध्ये बसत नाही. माझ्या बहिणीने हे न विचारता बसवला, पहिल्या पावसाळ्यात दहा पॅनेलखाली मेणबत्ती लावून बसली होती.

आता धागाकर्त्यासाठी गणित. 5 लिटरवाली मशीन साधारण 300 ते 350 वॅट खातात, आणि 2 लिटरवर ठेवलं म्हणून फारसं कमी होत नाही, आतला कॉम्प्रेसर तसाच चालू असतो. नक्की आकडा मागच्या स्टिकरवर बघा. 12 व्होल्ट 150 एएच म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण बॅटरीवर 150 लिहिलेलं असतं ते 20 तासांत हळूहळू काढली तर, झपाट्याने ओढली की कमी मिळतं, शिवाय इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो. नवी बॅटरी धरून हाती 1100-1200 लागतील, म्हणजे जेमतेम सव्वातीन तास आणि तेही पंखा न लावता. तुमची जुनी बॅटरी तासभर टिकली तरी खूप.

घर्र आवाज आला कारण जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असणार, म्हणजे त्याची वीज घरच्या लाईटसारखी गुळगुळीत नसते, धक्क्याधक्क्याने येते. त्यावर मोटर गरम होते, मशीन खराब होईल, पुन्हा लावू नका. प्युअर साईन वेव्ह (घरच्या लाईटसारखी वीज देणारा) घ्या, 24 व्होल्टचा, दोन 150 एएच ट्युब्युलर (पाणी टाकायच्या) बॅटऱ्यांवर, मशीन आणि एक पंखा सहा तासांच्या आसपास जाईल. लिथियम घेतलीत तर पाणी टाकायला नको, चार्जही लवकर होते, पण तिला चालणाराच इन्व्हर्टर लागतो आणि पैसे जास्त, तुमच्या बजेटला ट्युब्युलर बरी. फ्रीज आणि विहिरीचा पंप त्यावर अजिबात नको, सुरू होताना दोघंही कितीतरी पट करंट ओढतात. टाकी आधीच भरून ठेवायची.

आणि ते देवघराखालचं कपाट! चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तुम्ही बरोब्बर त्याच्या डोक्यावर निरांजन लावताय. उद्याच हलवा, हवा खेळेल अशा जागी, झोपायच्या खोलीत नको.

जुना_वायरमन :

बाईंच्या यादीत थोडी भर. इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या मध्ये फ्यूज किंवा डीसीचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) हवाच, घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल दुसऱ्या लाईनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) सारखा पडतो आणि मग काही वायरमन चक्क आरसीसीबी बायपास करून निघून जातात. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका, काम झाल्यावर त्याचं टेस्टचं बटण दाबून पडतोय का बघा. इन्व्हर्टर असेल तर नुसता मेन पाडून वायरिंगला हात लावायचा नाही, इन्व्हर्टरही बंद करायचा, हे आईला आणि त्या वायरमनला दोघांनाही सांगा.

अर्थिंग मीटर लावून बघा. तुमच्याकडे जांभा, मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. खड्डा खोल घ्यायला लावा आणि मे महिन्यातच मोजा, पावसात मोजलंत तर सगळ्यांचंच चांगलं येतं. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर धरतो, पेट्रोलियम जेली लावत जा. जनरेटर घेतलात तर त्यावर इन्व्हर्टर चार्ज करताना इन्व्हर्टरची मागची कळ यूपीएसवर असेल तर तो जनरेटरची लाईन कधीकधी घेतच नाही, नॉर्मलवर करा.

कोकणात_घर_पुण्यात_पोट :

सगळ्यांचे आभार, अपडेट द्यायला तीन आठवडे लागले. जनरेटर तूर्त रद्द. 24 व्होल्टचा साईन वेव्ह इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या, डीसी एमसीबी आणि नवीन अर्थिंग, सगळं मिळून 54 हजार. उरलेल्यातून एक सिलिंडर विकत, दुसरा दापोलीतून भाड्याने. बॅटऱ्या मागच्या पडवीत, लाकडी पाटावर. चेंजओव्हर पण लावून घेतलाय, पुढेमागे जनरेटर आलाच तर. वायरमन आधी फुरंगटला, मग त्याला जुन्या वायरमनकाकांचा खांबावरचा प्रसंग वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्या दोन घरांतल्या वायरी काढून आणल्या आणि आमच्या ओट्यावर बसून त्यांच्या एकेका टोकाची पिन कापली.

रविवारी सकाळी दहाला मी स्वतः मेन पाडून टेस्ट घेतली. मशीन आणि एक पंखा, सहा तास अपेक्षित. साडेचार तासांतच बीप बीप सुरू. बॅटरी फसवी निघाली म्हणून दुकानदाराला फोन लावणार तेवढ्यात आई म्हणाली, अरे ह्यांनी मधल्या खोलीतला टीव्ही लावलाय, दुपारपासून मॅच चालू आहे. त्या सॉकेटलाही इन्व्हर्टरची लाईन आहे हे मला माहीतच नव्हतं. शिवाय बाबांच्या खोलीतला पंखाही पाचवर.

आता एकच प्रश्न उरलाय. टीव्हीचं सॉकेट त्या लाईनवरून काढायचं तर न्यूट्रलही वेगळा करावा लागेल ना? की नुसता फेज काढून चालेल?

जुना_वायरमन :

दोन्ही काढा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही मेनच्या लाईनवर न्या, नाहीतर आरसीसीबी पडायला लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे. बाबांना एक रेडिओ आणून द्या, सेलवरचा.