मदत हवी आहे: घर उबदारही हवं आणि शांतही. डबल की ट्रिपल ग्लेझिंग, म्हणजे खिडकीला दोन काचा की तीन? (इंग्लंड)

केळफूल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही रेडिंगला राहतो. १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. दोन वर्षांपूर्वी घेतलं. समोर बसचा रस्ता, आणि थांबा बरोब्बर आमच्या बे विंडोसमोर (भिंतीबाहेर आलेली, कोनाकोनांची खिडकी). मागे बागेपलीकडे रेल्वेची लाइन, रात्री मालगाड्या. घेताना एजंट म्हणाला होता, "ग्रेट कनेक्टिव्हिटी." ती आता कानांनी मोजतेय.

एकूण नऊ खिडक्या. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), डबल ग्लेझिंगच्या, पण जुन्या. तीन खिडक्यांत दोन काचांच्या मध्येच धुकं धरलंय, पुसता येत नाही. जानेवारीत सकाळी बाकीच्या काचांवरून आतून पाणी ओघळतं, खालच्या पट्टीत तळं साचतं. सोफ्यावर बसलं की मानेला गार झुळूक लागते.

दुसरी गोष्ट आवाजाची. नवरा हॉस्पिटलात रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. समोरच्या बेडरूममध्ये बस थांबून घरघरत राहिली की पलंगसुद्धा घरघरतो म्हणतो. आणि डिसेंबरात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांना गुडघ्यांना थंडी सोसत नाही.

तीन कोटेशनं घेतली. पहिला माणूस तीन तास बसला, दोनदा चहा प्यायला, १४,००० पौंडांवरून "मॅनेजरला फोन" करत ८,९०० वर आला, आणि म्हणाला की हा भाव आज सही केली तरच. दुसरा म्हणतो ट्रिपल ग्लेझिंग घ्या, आवाज आणि थंडी दोन्ही गायब. वर २,१०० पौंड पडतील, पण सरकारी योजनेत व्हॅट शून्य. तिसऱ्याने दोन ओळींचा ईमेल पाठवला, ७,४००, बाकी काही सांगितलं नाही.

कोणाचं ऐकू? कुणी अशा खिडक्या बसवल्या असतील तर अनुभव सांगा, प्लीज.

पोळपाट

आज सही केली तरच वाला भाव उद्याही तोच असतो, निर्धास्त राहा. आमच्याकडे असाच एक आला होता, नाही म्हटल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला, भाव आणखी खाली.

आणि "१४ दिवसांत रद्द करता येतं" असं सांगून सही घ्यायला बघतील. मापाप्रमाणे बनवलेल्या वस्तू त्या हक्कातून वगळलेल्या आहेत. खिडकी म्हणजे मापाचीच वस्तू.

हिमगौरी

कॅल्गरीहून. आमच्याकडे उणे तीस होतं, तिथे ट्रिपलला पर्याय नाही. पण तुमचं रेडिंग म्हणजे हिवाळ्यात शून्याच्या आसपास, तेही रोज नाही. आमचा अनुभव तुम्हाला लागू करू नका एवढंच सांगते.

खटपट्या

ताई, आधी चार गोष्टी तपासून सांगा, मग बोलू. घाईने उत्तर देऊन तुमचे पैसे घालवायचे नाहीत.

१. दोन काचांच्या मध्ये कडेने जी ॲल्युमिनियमची पट्टी दिसते, तिच्यावर बारीक अक्षरात काही छापलंय का? बऱ्याचदा साल असतं.

२. संध्याकाळी अंधार झाला की काचेसमोर निरांजन किंवा लायटर धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, प्रत्येक काचेच्या दोन बाजूंची. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, लालसर-जांभळट दिसलं तर काचेवर उष्णता आत परतवणारा लो-ई थर आहे. चारही सारखी असतील तर साधी काच.

३. वारा असेल त्या दिवशी उदबत्ती लावून बंद खिडकीच्या चारही कडांनी फिरवा. धूर कुठे वळतो बघा. मग खिडकीत कागदाची पट्टी धरून खिडकी लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर तिथे रबर दाबत नाही.

४. माळ्यावर इन्सुलेशन किती जाड आहे?

केळफूल

@खटपट्या, सगळं केलं. नवऱ्याला वाटलं मी खिडकीची पूजा करतेय.

पट्टीवर १९९८ छापलंय. ज्योती चारही सारख्याच. धूर काचेकडे नाही, उघडणाऱ्या झडपांच्या बिजागरीच्या बाजूला जोरात वळतो. दोन ठिकाणी भिंत आणि फ्रेमच्या फटीतूनही. कागद पाच खिडक्यांत अलगद निघाला. माळ्यावर साधारण १०० मिलिमीटर, दबलेलं. फ्रेम मात्र कुठे वाकलेल्या-तडकलेल्या दिसत नाहीत.

खटपट्या

उत्तम. आता लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

तुम्हाला दोन वेगळे आजार आहेत आणि दुसरा सेल्समन दोन्हींवर एकच गोळी देतोय.

थंडीचं आधी. खिडकीतून उष्णता किती निसटते ते यू-व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं. तुमच्या १९९८ च्या साध्या डबल ग्लेझिंगची २.८ च्या आसपास असेल. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे आता अख्खी खिडकी बदलायची तर जास्तीत जास्त १.४ चालते, चांगली डबल १.३ पर्यंत येते. ट्रिपल ०.९ धरा.

नऊ खिडक्या मिळून अंदाजे १८ चौरस मीटर धरतो. दक्षिण इंग्लंडच्या हिवाळ्याला साधारण २,००० डिग्री-दिवस (बाहेर किती गार आणि किती दिवस, याचं माप) धरले तर २.८ वरून १.३ वर आल्याने वर्षाला सुमारे १,३०० युनिट उष्णता वाचते. बॉयलरचा तोटा धरून आणि गॅसला युनिटमागे सहा पेन्स धरून ८५-८६ पौंड. आणि १.३ वरून ट्रिपलच्या ०.९ वर गेल्यावर आणखी किती? सुमारे २३ पौंड. २,१०० पौंड वसूल व्हायला ९१ वर्षं. नातवंडांसाठी आंब्याचं झाड लावावं तसं लावायचं असेल तर लावा.

शिवाय ट्रिपल ऊनही थोडं कमी आत सोडतं. बे दक्षिणेकडे असेल तर हिवाळ्यातलं ते फुकटचं ऊन सोडवत नाही.

व्हॅटचं म्हणाल तर शून्य दर इन्सुलेशन, हीट पंप, सोलर असल्या गोष्टींना आहे. खिडक्या त्या यादीत नाहीत. त्या माणसाला कोटेशनवर लिहून मागा, गप्प बसेल.

आता आवाज. काचांच्या संख्येपेक्षा काचेचं वजन, दोन्ही काचांच्या जाडीतला फरक आणि मधलं अंतर महत्त्वाचं. एक मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो. दोन्ही काचा चार-चार मिलिमीटरच्या असल्या की दोघी एकाच सुरावर थरथरतात आणि त्या सुराचा आवाज आरामात आत येतो. वर दोन काचा आणि मधली हवा मिळून एक स्प्रिंग तयार होते. ४-१६-४ मध्ये (काच-फट-काच, मिलिमीटरमध्ये) तिचा सूर २०० हर्ट्झच्या थोडा वर पडतो. थांबलेल्या बसची घरघर त्याच्या आसपास आणि खाली असते. म्हणून तुमच्या खिडक्या पक्ष्यांचा आवाज अडवतात आणि बसचा आत बोलावतात. ट्रिपलमध्ये चार मिलिमीटरची तिसरी काच आणि आणखी अरुंद फटी. बसला काही फरक पडत नाही.

साधी डबल ३० डेसिबलच्या आसपास अडवते. एक काच ६ मिलिमीटरची आणि दुसरी ६.८ ची ध्वनिरोधक लॅमिनेटेड, म्हणजे दोन पातळ काचा मध्ये मऊ प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेली, घेतली तर ३८-४० पर्यंत जातं. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. याहून पुढे जायचं तर आतून दुसरी खिडकी, सेकंडरी ग्लेझिंग, मध्ये १०० ते २०० मिलिमीटरची मोकळी जागा ठेवून. ती ४५ च्या वर जाते. खालच्या सुरांना तीच खरी.

पण हे सगळं रबर नीट दाबत असेल तरच. फटीतून हवा येते तिथून आवाजही येतो.

बाभूळबन

वाचनखूण साठवली! पुण्यात सिंहगड रोडला राहतो. जाड काच बसवली, आवाज जैसे थे. कारण खिडकी स्लायडिंग. ब्रशची पट्टी काही आवाज अडवत नाही. शेवटी बेडरूमची बाहेर उघडणारी करून घेतली, बाजूने रबर दाबणारी, तेव्हा कुठे झोप लागली.

वडाची_पारंबी

म्युनिकहून एक इशारा. आमच्या भाड्याच्या घरात मालकाने सगळ्या खिडक्या नव्या, घट्ट बसवल्या. पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी. आधी घरातली वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे काचेवर, जमायची आणि आम्ही पुसायचो. नव्या काचा ऊबदार, म्हणून वाफेने भिंतीचा गार कोपरा शोधला. जर्मन लोक दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडतात, पाच मिनिटं, आणि पुन्हा बंद. मला आधी वेडेपणा वाटायचा. आता मीच भरल्या थंडीत खिडक्या उघडतो आणि बायको शाल घेऊन ओरडते.

तुमच्याकडे कपडे रेडिएटरवर वाळतात का? कुकर, पोळ्या, फोडण्या रोजच्या? मग स्वयंपाकघरातला पंखा आधी बघा. आमच्या मराठी स्वयंपाकाची वाफ धरून या घरांची गणितं केलेली नसतात.

केळफूल

कपडे रेडिएटरवरच. आणि पंखा आहे, पण तो आवाज करतो म्हणून बंद असतो. पकडलंत.

@खटपट्या, मग काय, महागाची ध्वनिरोधक काच नऊच्या नऊ खिडक्यांना?

खटपट्या

नाही हो. झोपायच्या खोलीपुरती.

आणि मुळात फ्रेम चांगल्या असतील तर खिडक्या बदलताच कशाला? जुन्या फ्रेममध्ये फक्त सीलबंद काचांचे नवे संच बसवून मिळतात. धुकं धरलेल्या तीन तर तशाच बदलायच्या. लो-ई थर, आर्गॉन वायू आणि ॲल्युमिनियमऐवजी उष्णता कमी वाहणारी कडेची पट्टी, एवढं मागा. आर्गॉनला १६ मिलिमीटर फट योग्य. अख्ख्या नव्या खिडकीइतकी यू-व्हॅल्यू येणार नाही, फ्रेम जुनीच आहे, पण बराचसा फायदा निम्म्याहून कमी पैशांत. फक्त काच बदलली तर नव्या खिडकीचे नियम आणि फेन्साचं (खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचं) प्रमाणपत्र यांचाही प्रश्न येत नाही. जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली काच असेल तर ती सुरक्षा काचच हवी, तिथे काटकसर नको.

झडपांच्या बिजागऱ्या आणि रबर बदलून घ्या, झुळूक तिथून येतेय. भिंत-फ्रेममधली फट भरून वरून सीलंट.

उरलेल्या पैशांतून माळा २७० मिलिमीटरपर्यंत भरा. भिंत पोकळ आहे का, भरलेली आहे का तेही तपासा. सासूबाईंच्या गुडघ्यांना खिडकीपेक्षा माळा जास्त पावेल.

फ्रेमच्या माथ्यावर हवा येण्याच्या चिरा असतील तर त्या बुजवू नका. आवाज त्यातून येत असेल तर ध्वनिरोधक प्रकार मिळतो, तो लावा.

पोळपाट

मला एक बाळबोध शंका. नवरोबा दिवसा झोपतात ना? मग त्यांना मागच्या खोलीत का नाही झोपवत? मालगाड्या रात्री, तेव्हा ते कामावर.

केळफूल

...

दोन वर्षं. दोन वर्षं हे आम्हाला सुचलं नाही.

मागची खोली लहान आहे, सध्या तिथे सुटकेसी आणि पापडांचे डबे. दिवसा त्या बाजूला प्रवासी गाड्या जातात, पण बऱ्याचशा विजेवरच्या, सर्रकन येतात आणि जातात. बससारखं घरघरत उभं कुणी राहत नाही.

खटपट्या

@पोळपाट यांना साष्टांग नमस्कार. माझे सगळे डेसिबल पाण्यात.

मागची खिडकी सपाट आहे का? आतला कट्टा किती खोल? बेला सेकंडरी ग्लेझिंग म्हणजे कोनाकोनात कटकट, सपाट खिडकीला सोपं.

केळफूल (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतेय, कारण असे धागे अर्धवट सोडून जाणाऱ्यांवर मीच चिडायचे.

पहिल्या दोघांना नकार कळवला. पहिल्याचा आठव्या दिवशी फोन आला, ७,६००. @पोळपाट, अगदी तुमच्यासारखंच.

गावातल्या एका काचवाल्याला बोलावलं. त्याने फ्रेम तपासल्या, ठीक म्हणाला. नऊही खिडक्यांतले संच बदलले. फ्रेममध्ये २८ मिलिमीटरची जागा होती, म्हणून समोरच्या दोन खोल्यांत साधे लो-ई ४-२०-४ टाकले. १६ ची फट हवी तर एक काच जाड घ्यावी लागली असती, यू-व्हॅल्यूत फरक नगण्य म्हणाला. मागच्या खोलीत ६.८ ची लॅमिनेटेड बाहेर, ६ ची आत. पाच झडपांच्या बिजागऱ्या आणि सगळं रबर नवीन. मिळून २,९५० पौंड. त्या पाच झडपांत आता कागद ओढला तर फाटतो.

माळा आम्ही दोघांनी शनिवार-रविवारी भरला, दोन दिवस अंग खाजत होतं. स्वयंपाकघरात कमी आवाजाचा, सतत हळू चालणारा पंखा लावला. काचांवर पाणी फक्त आंघोळीनंतर, थोडंसं. मानेची झुळूक गेली.

सेकंडरी ग्लेझिंग सध्या नाही. मागच्या खिडकीचा कट्टा १८० मिलिमीटर खोल आहे, म्हणजे लागलंच तर जागा आहे. नवरा तिथे झोपतो. पहिल्या दिवशी दुपारी अडीचला उठला आणि विचारलं, आज गाड्यांचा संप आहे का. बाहेरचं शांत झाल्यावर सामाईक भिंतीतून शेजाऱ्यांचा टीव्ही मात्र ऐकू यायला लागलाय, जो आधी कधी कळलाही नव्हता.

खटपट्या

हे होतंच, बाहेरचा आवाज त्याला झाकत होता. आधी सांगायला हवं होतं, राहिलं.

बाभूळबन

पापडांचे डबे कुठे गेले?

केळफूल

समोरच्या खोलीत, बे विंडोत. बस आली की थरथरतात.