खोकला लपवणारं घर
मुलांना टीबी का होतो या चर्चेत कोणीतरी 'बीसीजीची लस टोचली आहे ना, मग मुलाला कसला टीबी' असं लिहिलंय, ते पटलं नाही. बीसीजी लहानग्यांना मेंदूच्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, फुफ्फुसाच्या टीबीपासून तेवढी नाही. घरातली दाटी, कुपोषण हे इतरांनी मांडलेले मुद्दे बरोबरच, पण आजाराच्या लपवाछपवीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या शेजारच्या आजींचा खोकला तीन महिने 'दमा'च होता, कारण घरात लग्नाची मुलगी. चार वर्षांचा नातू रोज त्यांच्याच गोधडीत झोपायचा. त्याचं वजन वाढेना, तेव्हा कुठे दोघांची तपासणी झाली.

घरात कोणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला तर मुलांना लगेच दाखवा, कृपा करून. आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि आहाराचं म्हणाल तर झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले (हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला).