गडी दरवर्षी नवे असतात?

‘आंब्याच्या बागेतले गडी दरवर्षी नवे, त्यांना शिकवून काय उपयोग’ हे मत पटलं नाही. आमच्या रत्नागिरीकडे कितीतरी नेपाळी गडी त्याच बागेत परत येतात, पुढच्या खेपेला मेहुण्यालाही आणतात. दापोली कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबा काढायची जाळीवाली काठी) देऊन आंबा देठासकट काढायला शिकवलं, तरी चिकाने डागळणारं फळ वाचतं. फवारणीचा मात्र आनंदच आहे. तोंडाला गमछा, हात उघडे. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल औषध, हे त्यांना सांगतो कोण? कुठेही रेशन देणारं ‘एक देश, एक रेशनकार्ड’ फक्त परराज्यातल्या मजुराला, नेपाळ्याला नाही. नेपाळहून आलेल्याचा दवाखानासुद्धा बागायतदाराच्या मर्जीवर. आणि गड्यांना शिकवायचं शिबिर मोहोराआधी घ्या, एप्रिलात कुणालाच फुरसत नसते.