मदत हवी आहे: रायझन ५ ५६०० साठी ए५२० बोर्ड पुरेल की बी५५० च घ्यावा?

नमस्कार. जुन्या मशीनमधलं जमेल तेवढं ठेवून फक्त बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा आहे. हाताशी असलेलं सामान: डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, एक साटा हार्ड डिस्क, आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी, ५०० वॅटचा पॉवर सप्लाय, एटीएक्स कॅबिनेट. वापर म्हणजे कोडिंग, थोडं व्हिडिओ एडिटिंग, अधूनमधून गेम.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० जवळपास ठरलाय, पैसे वाचणार असतील तर ५५०० सुद्धा चालेल. ओव्हरक्लॉकिंग करणार नाही, मग ए५२० सोडून बी५५० वर जास्तीचे पैसे कशाला घालायचे? की सरळ एएम५ (एएमडीच्या नव्या सॉकेट) कडे जावं?

प्रतिसाद १

दुसरं कुठलंही कार्ड असतं तर डोळे झाकून ए५२० घ्या म्हटलं असतं. पण ६५०० एक्सटी आहे आणि तिथेच घोडं पेंड खातं. या कार्डाचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा, पण आत जोडलेल्या लेन (डेटा जाण्याच्या वाटा) चारच. पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग) ४.० वर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० वर त्याच्या निम्मा. त्यात व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी. ती भरली की टेक्स्चर सिस्टिमच्या रॅममधून ओढावी लागतात आणि गेम मध्येच अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बघून हे लक्षात येत नाही.

ए५२० वर ५६०० लावला तरी ग्राफिक्सचा स्लॉट ३.० वरच चालतो. बी५५० वर तो स्लॉट आणि प्रोसेसरला थेट जोडलेला एक एम.२ (एसएसडीचा स्लॉट), दोन्ही ४.० मिळतात.

आता खरी गोम. ५५०० किंवा ५६००जी घेतलात तर बी५५० चे जादा पैसे पाण्यात, कारण हे दोन्ही प्रोसेसर मुळातच ३.० वाले. म्हणजे कार्ड हेच ठेवायचं असेल तर बी५५० आणि ५६००. पुढेमागे आरएक्स ६६०० घेणार असाल तर त्याला आठ लेन आहेत, ३.० वर फारसं काही अडत नाही, मग ए५२० खुशाल घ्या.

एएम५ चा विचार सोडा. तिथे फक्त डीडीआर५ चालते, असलेली रॅम बाद होईल.

प्रतिसाद २

+१. फक्त एक पर्याय राहिला. कोअर आय५ १२४००एफ आणि एच६१० बोर्ड. एच६१० इंटेलचा सगळ्यात खालचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), पण ग्राफिक्सचा स्लॉट प्रोसेसरकडून येतो आणि ४.० चा असतो. रॅमही हीच चालेल. मात्र एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो, खोक्यावरचं पूर्ण मॉडेल नाव वाचूनच घ्या. चुकीचा आला तर रॅमची खाच जुळत नाही, स्टिक बसणारच नाही.

धागाकर्ता

आभार. एएमडीच ठेवतो. जुना बी४५० स्वस्तात मिळतोय, तो कसा?

प्रतिसाद १

तोही ३.० च, म्हणजे या कार्डासाठी ए५२० आणि तो सारखेच. शिवाय त्यातला बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना असेल तर ५६०० वर मशीन सुरूच होणार नाही.

प्रतिसाद ३

नुसतं बी५५० नाव बघून घेऊ नका, एकाच चिपसेटचे बोर्ड फार वेगवेगळे असतात. ५६०० हा ६५ वॅटचा, त्याला व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसलेला बोर्डही पुरतो. पण उद्या ५९००एक्स टाकायचा बेत असेल तर तो खोक्यावर १०५ वॅट सांगून प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढतो. तेव्हा उघडं व्हीआरएम तापतं आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. आरजीबी दिव्यांपेक्षा हीटसिंकला पैसे द्या.

बोर्डाचं मॅन्युअल आधी डाउनलोड करून स्टोरेजचं पान बघा. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये ड्राइव्ह लावली की दोन साटा पोर्ट बंद होतात. तुमची एसएसडी पहिल्याच एम.२ मध्ये बसवा.

बायॉस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायॉस बदलण्याचं) बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम. बी५५० २०२० मध्ये आला, ५६०० २०२२ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या मालात जुना बायॉस निघू शकतो. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर बायॉसची फाइल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने. पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये, २४ पिन आणि सीपीयूची पॉवर केबल जोडलेली, मग बटण. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही.

५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला मॉनिटर लावलात तर काळा पडदाच दिसेल. केबल कार्डालाच लावा.

प्रतिसाद २

जोडणीबद्दल दोन शब्द. चार स्लॉट असतील तर दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू करा, नाहीतर बऱ्याच ३२०० च्या स्टिक २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहतात.

स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतलात तर कॅबिनेटमधले जास्तीचे स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळेचे खुंट) आधी काढा. बोर्डाला तिथे भोक नसेल तर पितळेचा खिळा मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होतो. हे बोर्ड रुंदीला कमी असतात, २४ पिनच्या बाजूची कड अधांतरी राहते. तो कनेक्टर दाबताना खालून बोटांचा आधार द्या.