पाचपाखाडी: समोरच्या नव्या हॉटेलला पोळ्या पुरवाव्यात का?

पोळीवाली_काकू
ठाण्यात पाचपाखाडीला माझं पोळीभाजी केंद्र आहे. ११० चौरस फुटांचा गाळा, मी आणि दोन मावश्या, यंदा सोळावं वर्ष. समोरची तीन मजली सोसायटी पाडून टॉवर झाला आणि त्याच्या तळमजल्यावर दोन महिन्यांपूर्वी हॉटेल आलंय. हॉटेल नाही म्हणायचं म्हणे, 'किचन' म्हणायचं. छताला पितळी तांबे टांगलेत, उलटे. मेन्यूकार्डावर 'आजीची घडीची पोळी, दोन नग, ९० रुपये'. मी एक पोळी १२ रुपयांना विकते आणि मला अजून नातवंड नाही.

चव बघायला लेकीला घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, वालाची उसळ फर्मास होती. एक डाळिंबी मोडलेली नाही, आमसूल बेताचं. पोळी मात्र चामट. कणीक भिजवल्या भिजवल्या लाटायला घेत असणार. सकाळी डब्यात भरलेली पोळी दुपारी एकला मऊ राहायची तर कणीक अर्धा तास तरी मुरायला हवी आणि तव्यावर उगाच रेंगाळू द्यायची नाही. असो.

हॉटेल चालवणारा मुलगा बरा आहे, तिशीतला. कॉलेजात असताना माझ्याकडचा डबा खायचा म्हणाला. परवा गाळ्यावर आला, "काकू, रोज १५० पोळ्या द्याल का? ९ रुपयांनी. पैसे महिन्याच्या शेवटी एकदम."

आता खरी गंमत. गाळा माझा भाड्याचा. करार दिवाळीत संपला, तेव्हापासून तोंडीच चाललंय, महिना १४ हजार. गेल्या आठवड्यात गाळ्याचे मालक म्हणाले, "समोर काय भाव लागलाय बघताय ना? २६ करा, नाहीतर तुम्ही मोकळ्या, आम्ही मोकळे." म्हणजे ज्या हॉटेलामुळे भाडं चढलं, त्यालाच पोळ्या लाटून द्यायच्या आणि ते भाडं भरायचं! मावश्या म्हणतात घ्या. आमचे हे म्हणतात गाळा सोड, घरून कर. मला दोन्ही पटेना. कुणी असं केलंय का?

खतावणी
काकू, भावना बाजूला ठेवा, एका पोळीला खर्च किती येतो?

पोळीवाली_काकू
कणीक, तेल, गॅस, मावशीची मजुरी धरून ६ रुपये ६० पैसे. माझी मजुरी धरलेली नाही. ती कोण धरतं?

खतावणी
मग ९ रुपयांत एका पोळीमागे २.४० सुटतात. १५० पोळ्या, महिन्याचे २६ दिवस, झाले ९,३६०. भाडं वाढतंय १२ हजारांनी. म्हणजे राबून वर घरचे घालायचे. १०.५० मागा, तेवढ्याच पोळ्यांत १५,२१० होतात. चामट पोळी ९० ला विकणाऱ्याला दीड रुपया जड नाही.

आणि आधी 'उद्यम' नोंदणी करा, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचा माल घेतला की पैसे ठरावीक मुदतीत द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत, लेखी असलं तरी ४५ दिवसांच्या आत. २००६ चा कायदा आहे. वर आयकराचाही नियम आहे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच तो खर्च त्याला दाखवता येतो. त्याच्या सीएला बरोबर कळेल.

घंटाळीची_गल्ली
भाड्याचा राग हॉटेलवर काढू नका. आणि गिऱ्हाईक आटलं असेल तर तेही हॉटेलनं नेलं नाही, पुनर्विकासानं नेलं. २०१९ च्या जीआरनंतर सोसायटीतल्या ५१ टक्क्यांची संमती पुरते, त्यामुळे नौपाडा-पाचपाखाडीत इमारती भराभर पडल्या. माणसं तीन-चार वर्षं भाड्यानं कळव्याला, घोडबंदरला. परत येतात तेव्हा निम्म्यांनी घर विकलेलं असतं, उरलेल्यांना मेंटेनन्स झेपत नाही. माझ्या लहानपणी राम मारुती रोडवर बंगले होते, आता कपड्यांची दुकानं. वागळे इस्टेट, एमआयडीसीची पहिली वसाहत. कारखाने गेले, काचेची ऑफिसं आली, आणि शिफ्ट सुटली की डबा घेऊन जाणारं गिऱ्हाईक कुठे गेलं ते काकूंना विचारा.

पोळीवाली_काकू
खरंय. आधी महिन्याचे चाळीस डबे जायचे, आता अकरा. त्यातले सात एकटे राहणारे आजी-आजोबा.

वाकडी_मान
जुनं ठाणं हवं, पण लिफ्ट आणि पार्किंगही हवं. चालू द्या. एक मराठी पोरगा वालाची उसळ विकतोय तर त्याचंही खुपतं.

घंटाळीची_गल्ली
खुपतं कोण म्हणालं? त्यांनी तर उसळीचं कौतुक केलंय. वाचत जा.

पागडी_नाही_लायसन्स
कराराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तोंडी चालू ठेवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडं वाढवायचं तर पाच वर्षांचा करार मागा, दर वर्षीची वाढ आत्ताच लिहून घ्या. तुमची इमारत उद्या पाडायला गेली तर पागडीवाल्याला (एकरकमी पागडी भरून राहिलेल्या जुन्या भाडेकरूला) नव्या इमारतीत जागा मिळते, लायसन्सवाल्याला नाही. निदान रिकामं करण्याआधी सहा महिन्यांची नोटीस तरी लिहून घ्या. (मी घेतली नव्हती. माझं स्टेशनरीचं दुकान होतं.)

पोळीवाली_काकू
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते. मुलगा १०.५० ला आढेवेढे घेत होता. मी त्याला माझी पोळी आणि त्याची पोळी शेजारी ठेवून दोन तासांनी घडी मोडायला लावली. त्याची चर्रकन फाटली. १०.५०, दर शनिवारी पैसे. पण १५० नाही, १००. बाकीच्या ५० ला तवा अडकला तर अकरा डब्यांना उशीर होईल. भाडं २२ वर आणलंय, मालकांचा जावई वकील आहे, तो करार करतोय. शंभर पोळ्यांत वाढलेलं भाडं निघतं, वर दोनेक हजार. मेन्यूवरून 'आजीची' काढ म्हटलं तर हसला, काढणार नाही.

वाकडी_मान
काकू, शनिवारी पुरणपोळी असते का?

पोळीवाली_काकू
असते. ४५ ला एक. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं.