चार नायकांची कादंबरी : तुम्ही पानं गाळता का?

रावेरकर
शनिवारी केळी कापायला मजूर आले, ट्रकचा पत्ता नाही. बांधावर बसून एक जाडजूड कादंबरी उघडली. चार मुख्य पात्रं, प्रकरणं आळीपाळीने. पहिली एक विधवा, दिराने सातबाऱ्यावरून नाव उडवलेली. ती तलाठ्याच्या दारात उभी, तलाठी चष्मा पुसतोय, आणि प्रकरण खलास. पान उलटलं तर मुंबईत कोणी वकील लोकलला लोंबकळतोय! मी वकील गाळला, बाईचं पुढचं प्रकरण शोधलं. ट्रक येईस्तोवर बाईचा निकाल लागला होता. वकील अजून लोकललाच आहे.

तसा मी एकटा नाही. ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा पाळीपाळीने सांगतात. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत देवयानी बोलायला लागते तिथे समासात कोणीतरी पेन्सिलीने शर्मिष्ठेचा पान नंबर टाकून ठेवलाय.

जीव एकाच माणसावर जडतो. बाकीचे पाहुणे. बोला.

धुळ्याचा भाचा
भाऊ, तू पुस्तक वाचंच नही, प्रसाद खाईसन निघी गया.

भुसावळ जंक्शन
कानबाई देवीच्या रात्री आमच्याकडे अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते. एक चुलती रोटांचं पीठ मळते, दुसरी तिच्यावर फुगून बसलेली, आजोबा गाणी सांगतायत, पोरं पेंगुळलेली. यात नायक कोण, सांगा. ‘मृत्युंजय’ तर सहा जण सांगतात. ते घरोघरी वाचलं गेलं, तिथे कोणी पानं गाळली?

रावेरकर
उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सांगणारे सहा, पण सगळे सांगतात कर्णाचंच. कुंती कर्णाचं, वृषाली कर्णाचं, दुर्योधनसुद्धा फिरून तिथेच. शेवट कृष्णाकडे, कारण कर्ण तोवर सांगायला उरत नाही. निवेदक अनेक असले म्हणजे नायक अनेक होत नाहीत. माझी तक्रार चार वेगळ्या गोष्टी एका पुठ्ठ्यात बांधण्याबद्दल आहे.

अमळनेरचा मास्तर
हा फरक बरोबर. पण पान गाळायला लावणारं कारण मला दुसरंच दिसतं. ‘ययाति’त राजा, राणी आणि दासी झालेली राजकन्या तिघंही एकाच अलंकारिक मराठीत बोलतात. वरचं नाव झाका आणि अधलाच परिच्छेद वाचा, कोण बोलतंय ते ओळखायला वेळ लागतो. (आणि कचाला स्वतःचं प्रकरण दिलंच नाही, ही माझी जुनी चुटपुट.) इथे धुळ्याचं माणूस ‘आहे’ला ‘शे’ म्हणालं की लगेच कळतं, रावेरचं वेगळं कळतं. कादंबरीत चौघांचे चार आवाज ऐकू आले तर वकीलही वाचाल.

रावेरकर
तो वकील आणि ती बाई एकाच भाषेत रडतात हे मात्र खरं. पण आपल्याच सांगवीच्या नेमाड्यांचा ‘कोसला’ घ्या. १९६३ सालचं पुस्तक, पांडुरंग सांगवीकर एकटा बोलतो. त्याची धाकटी बहीण मनी जाते ती पानं वाचताना दुसऱ्या कोणाच्या तोंडून काही ऐकावंसं वाटलं का? एकाच्या डोळ्यांतून सगळं घर दिसतं.

सातपुडा
घर दिसतं, दादा. खोरं दिसत नाही. मी नंदुरबारचा. सरदार सरोवरात आमच्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि धडगावकडची ३३ गावं गेली. कोणाची जमीन बुडाली, कोणी गुजरातेत वसाहतीत गेलं, कोणी वर डोंगरात सरकलं. आमच्या नातलगांत एक भाऊ गेला, एक राहिला, आणि दोघं अजून एकमेकाला वेडा म्हणतात. यातला कुठला भाऊ नायक करू? एकाला केला की दुसरा आपोआप चुकलेला ठरतो. ‘झाडाझडती’ याचसाठी मला जवळची. धरण तिथे एका माणसाला उठवत नाही, गावाला उठवतं. अशा पुस्तकात धागे सुटतात, नावं विसरतात, मागे जाऊन बघावं लागतं. बघावं की.

भुसावळ जंक्शन
+१. इथूनच एक लाइन नागपूरला फुटते, एक इटारसीला. म्हणून अर्ध्या गाड्या गाळता का?

रावेरकर
गाडी एकच पकडतो, भाऊ. सातपुडांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

चोपड्याची लेक
‘ॲना करेनिना’ कॉलेजात वाचली तेव्हा त्यातला दुसरा नायक, जमीनदार लेव्हिन, दिसला की पानं उलटायची. शेती, गवत कापणं, मजूर... घरी काय कमी होतं का! सातव्या भागाच्या शेवटी ॲना गेली, तरी आठवा भाग शिल्लक. तो मी वाचलाच नाही. लग्नानंतर, दोन दुष्काळ बघून झाल्यावर, पुन्हा हातात घेतली. लेव्हिन मजुरांच्या ओळीत विळा घेऊन उतरतो, मागे पडतो, लाजतो, मग हळूहळू हात बसतो, तिथेच दोन दिवस रेंगाळले. या खेपेला ॲनाची थोडी पानं भरभर उलटली, खोटं कशाला बोलू.

देवघेव टेबल
मी वाचनालयात बावीस वर्षं देवघेवीला होते. परत आलेलं जुनं पुस्तक मिटून कडेने बघा. वाचलेली पानं बोटांनी काळवंडतात, गाळलेली पांढरी राहतात. चार नायकांच्या कादंबरीला कडेवर झेब्र्यासारखे पट्टे पडतात. समासातल्या पेन्सिलीवर जाऊ नका. ती एकाची असते.

रावेरकर
ताई, आज मुद्दाम जाऊन ‘ययाति’ कपाटातून काढली, मिटून खिडकीशी धरली. सगळ्यांत काळी देवयानीची पानं आहेत.